थोरल्याची चुगली

“काका, सरळ! होडी सरळ ठेवा हो! परत वळली!”

पेंडसे मॅडम पुढच्या फळीवरून ओरडल्या आणि मी कपाळावर हात मारून घेतला. चौथा दिवस होता. रोज एकदा तरी हे व्हायचंच.

मागे इंजिनाचं हँडल धरून बाबा बसले होते. वय बासष्ट, डोक्यावर घामानं पिवळट झालेली पांढरी टोपी, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

“खाली खडप आसा,” बाबा म्हणाले.

“खडक? इथं तीस मीटर पाणी आहे काका. माझ्या यंत्रात दिसतंय ना.”

“यंत्राक काय म्हायत?”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं. आमच्या निवती गावासमोरचा एकूण एक खडप मला पाठ होता. लहानपणी बाबांनीच तो माझ्याकडून घोकून घेतला होता आणि तिथं कसलाही खडप नव्हता. पण परक्या बाईसमोर बापाला खोटं कसं पाडायचं? म्हटलं, “असेल मॅडम. म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतं.”

मॅडमनी वहीत लिहिलं. दर दहा मिनिटांनी त्या लिहायच्या. वेळ, वारा, लाट आणि शेवटी मोठ्यानं वाचायच्या, “प्राणी, शून्य.” त्या ‘शून्य’नं चार दिवसांत माझं डोकं पार उठवलं होतं. त्यात मला लागत होती होडी. होडी हाकणाऱ्या तांडेलाचा मुलगा, आणि रोज नऊच्या ठोक्याला काठाला लटकून ओकायचो. बाबा मागून म्हणायचे, “गोंयच्या हॉटेलात ऱ्हवान ह्येचो पाव झालो.”

ते खरंच होतं. सात वर्षं मी कळंगुटच्या एका हॉटेलात, स्वयंपाकघरात राबत होतो. वर्षातून दोनदा घरी यायचो. दर्शनाशी लग्न झालं, तरी तसंच. आणि त्या वर्षी दर्शनाला सातवा महिना होता. मी निघायचो तेव्हा ती माझी बॅग भरताना कपडे इतके हळू घडी करायची की मला तिथंच बसकण मारावीशी वाटायची. अशात पुण्याहून डॉक्टर अश्लेषा पेंडसे आल्या. आमच्या समुद्रात देवमासे येतात असं त्यांच्या संस्थेला कोणीतरी कळवलं होतं. त्यांनी आमची फायबरची होडी पाच दिवसांसाठी ठरवली आणि मला साफ सांगितलं, “उमाकांत, पाच दिवसांत एक जरी देवमासा फोटोत आला ना, तर तीन वर्षांची पाहणी इथं होणार. होडी तुमची, मदतनीस तुम्ही. नाहीच दिसला, तर पाहणी दुसऱ्या किनाऱ्यावर जाईल. मला पाठ चालेल, शेपूट चालेल, काहीही चालेल. पण फोटो हवा.”

एक फोटो. तेवढ्यासाठी मी हॉटेलातून आठवड्याची रजा काढून आलो होतो. सोमवारी हजर व्हायचं होतं. फोटो मिळाला तर सोमवारी मी निवतीतच राहणार, नाही मिळाला तर पुन्हा कळंगुट आणि पोर जन्मल्याचं फोनवर ऐकायचं. मॅडमचं काम मिळालं तरच मी राहणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांनाही.

होडी बाबांनी चालवायची, मी पुढं-मागं धावायचं, मॅडमनी बघायचं, असं ठरलं होतं. मॅडमचं काम शिस्तीचं. समुद्रावर मनातल्या मनात सरळ रेघा मारायच्या आणि त्या रेघांवरूनच होडी न्यायची. इकडे नाही, तिकडे नाही. मोठ्यानं बोलायचं नाही, बिडी ओढायची नाही, चिवड्याचा कागद उडाला तर होडी मागं फिरवून तो उचलायचा. पहिल्याच दिवशी एका कागदासाठी आम्ही पाऊण तास फिरलो! मी म्हटलं, हरकत नाही, माणसं शिकली की अशीच होतात. पण बाबांचं काय? बाबांना सरळ चालवता येत नव्हतं यावर माझा विश्वास बसेना. हा माणूस धुक्यात, डोळे मिटून होडी किनाऱ्याला लावणारा.

त्या गुरुवारी संध्याकाळी मॅडमनी मला बोलावलं. आमच्या शेजारच्या कुबलांकडे त्यांनी खोली घेतली होती. ओट्यावर लॅपटॉप उघडून बसल्या होत्या.

“हे बघा, आपण चार दिवस फिरलो त्याच्या रेघा.”

पडद्यावर लांबच लांब निळ्या रेघा होत्या, पट्टीनं आखल्यासारख्या. फक्त पाच ठिकाणी रेघ वाकली होती. वाकून लांब जायची आणि पुढं परत जागेवर यायची.

“सोमवारी एकदा, मंगळवारी एकदा, काल दोनदा आणि आज एकदा,” मॅडम म्हणाल्या. “पाचही ठिकाणी पाणी खोल आहे. काका एकदा म्हणाले जाळी आहेत, एकदा म्हणाले खडप. मी दुर्बिणीतून बघितलं, एकही जाळं नव्हतं. उमाकांत, मला भांडायचं नाही. पण उद्या शेवटचा दिवस आहे. काकांना हे काम आवडत नाहीये का?”

मी त्या पाच वाकड्या रेघांकडे बघत बसलो, आणि एकदम मला आठवलं. प्रत्येक वेळी होडी वळवायच्या आधी बाबांनी टोपी काढली होती. टोपी काढायची, मांडीवर ठेवायची, डोकं खाजवल्यासारखं करायचं आणि मग दोन्ही हात क्षणभर छातीपाशी न्यायचे. मी ओकताना बघितलं होतं ते. मला वाटलं, घाम पुसतायत!

मी घरी आलो तो तरातराच. बाबा मागच्या परसात विहिरीच्या कठड्यावर बसून पाय धूत होते.

“बाबा, आज थंय काय होता?”

“खंय?”

“जंय तुमी होडी वळवलास, थंय.”

“पाणी.”

“बाबा!”

“बोंबलतंस कित्याक? तुझी आवस घाबरात.” त्यांनी दुसरा पाय धुतला. मग म्हणाले, “होतो.”

“कोण होतो?”

“थोरलो.”

आमच्या वाडीतली म्हातारी माणसं देवमाशाचं नाव घेत नाहीत, थोरलो म्हणतात. मला वाटायचं, नुसती बोलायची पद्धत. मी सतराव्या वर्षी घर सोडलेला, आयुष्यात एकही देवमासा बघितलेला नव्हता. मी बाबांच्या समोर जाऊन उभा राहिलो.

“म्हणजे पाचय खेपा...?”

“पाच खेपा. आजचो लहान होतो. कालचे दोन मोठे.”

मी विहिरीला एक फेरी मारली. परत आलो. “बाबा, ती बाई चार दिवस उन्हात करपून एक शेपूट बघूक धडपडता! मी रोज आतडी बाहेर काढतंय! आणि तुमी पाच खेपा बघून गप? वर म्हणतास खडप आसा?”

“मगे काय सांगू? बोट दाखवू तेच्याकडे?” बाबा आता माझ्याकडे बघत होते. “तां घर तेचा. आपण तेच्या दारातसून जातव येतव. टोपी काढूची, हात जोडूचे, वाट सोडूची. चार माणसांका हाक मारून दाखवूचा नाय. माझ्या बापाशीन माका ह्याच शिकवल्यान.”

“मगे होडी घेऊन इलास कित्याक?”

“तू काय सांगलंस माका? मॅडम मासे मोजूक येतत. माका वाटला, बांगडे नि तारले. दुसऱ्या दिवशी कळला, ती तेका मोजूक इलीसा.”

हे मात्र माझंच पाप. मॅडमच्या कागदावर मोठंच्या मोठं काहीतरी लिहिलं होतं. बाबांना कोण समजावत बसेल म्हणून मी ‘मासे मोजणार’ एवढंच सांगून मोकळा झालो होतो.

“बरं, झाला ता झाला. उद्या दाखवा. एक खेप. तुमका हात जोडतंय.”

“तां माका जमाचा नाय.”

“माझ्यासाठी?”

बाबांनी तांब्या उचलला, पालथा घातला आणि घरात निघून गेले.

मग मी जे केलं ते रागानं केलं. रागानं माणूस करतो तसंच, एका दमात आणि दुसरा विचार न करता. तसाच परत कुबलांच्या ओट्यावर गेलो आणि मॅडमना सगळं सांगितलं. थोरला सांगितला, नाव न घेणं सांगितलं, टोपी सांगितली.

मॅडम आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. “पाच वेळा?” त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, “काकांना दाखवायचं नसेल तर आपण जबरदस्ती कशी करणार?”

“त्यांना दाखवायला सांगूच नका,” मी म्हणालो. “उद्या तुम्ही समुद्राकडे बघू नका. बाबांच्या टोपीकडे बघा. टोपी उतरली की ते जिकडे बघतायत तिकडे कॅमेरा फिरवा.”

मॅडमनी पडद्यावरच्या त्या पाच वाकड्या रेघा परत बघितल्या. त्यांनाही तो फोटो माझ्याइतकाच हवा होता. शेवटी मान हलवली.

शुक्रवारी समुद्र तेलासारखा सपाट होता. मॅडम पुढच्या फळीवर रोजच्यासारख्या बसल्या, पण पाठ समुद्राकडे आणि तोंड बाबांकडे. मांडीत कॅमेरा. मीही मधल्या फळीवर मागं तोंड करूनच बसलो. अर्धा तास झाला, तास झाला. बाबांनी हँडल या हातातून त्या हातात घेतलं. मान इकडे केली, तिकडे केली. शेवटी मला म्हणाले, “ह्या चेडवाक काय झाला? माझ्या तोंडाक काय चिकाटला?”

“काय नाय. तुमी होडी चालवा.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग मॅडमकडे. मॅडमची नजर कुठं आहे तेही बघितलं. मी लगेच पाण्याची बाटली शोधायला लागलो. एवढं वय झालं तरी त्यांच्या नजरेला नजर देणं मला जमायचं नाही. नंतर मान वर केली, तेव्हा त्यांनी टोपी आणखी खाली ओढली होती, पार भुवयांपर्यंत.

त्यानंतर होडी अशी सरळ चालली की मॅडमनी यंत्राकडे बघायची गरज नव्हती. वाकडं वळण नाही की काही नाही. दहा मिनिटं झाली की मॅडम वहीत न बघता म्हणायच्या, “प्राणी, शून्य,” आणि परत टोपीकडे बघायला लागायच्या. अकरा वाजले, बारा वाजले. आईनं दिलेला भात आणि सुक्या बांगड्याचं तिखलं खाल्लं. बाबांनी घासही न घेता डबा परत झाकून ठेवला.

एक वाजून गेल्यावर बाबांचा चेहरा बदलला. काय बदललं ते सांगता येणार नाही, पण बापाचा चेहरा पोराला कळतो. ते आमच्या डोक्यांवरून पुढं कुठंतरी लांब बघत होते. उजवा हात हँडलवरून सुटला, वर गेला, कानापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. मग त्यांनी कान खाजवला आणि हात खाली घेतला.

मी गर्रकन मान वळवली. सपाट पाणी. नुसतं चकाकणारं सपाट पाणी!

“काय झालं? होतं काही?” मॅडमनी विचारलं.

“माशी बसली,” बाबा म्हणाले.

किनाऱ्यापासून बारा मैलांवर माशी! माझा संताप संताप झाला. ओरडायला तोंड उघडलं, आणि बाबांचा हात दिसला. हँडलवर परत ठेवलेला तो हात त्यांनी दुसऱ्या हातानं दाबून धरला होता. टोपी काढली असती तर थोरल्याला दगा, नाही काढली तर थोरल्याचा अपमान. असा पेच मी माझ्या बापाला घातला होता आणि वर दोन माणसं त्याच्या डोक्याकडे टक लावून बसली होती. पण तेव्हा मला हे सुचलं असेल तर शपथ. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की हा गेला, पाण्याखाली गेला, आणि आता दीड वाजलाय, तीन वाजता परत फिरायचं आहे.

“बाबा,” मी हळूच म्हटलं. “मी सोमवारी जातंय.”

बाबांनी होडी सरळच ठेवली.

“दर्शनाक कोणाच्या भरवशावर सोडू?”

बाबांनी इंजिन बंद केलं.

एकदम सगळं शांत झालं. होडीच्या बुडाला पाणी लागत होतं, तेवढाच आवाज. मॅडमनी काहीतरी विचारायला ओठ हलवले, मी हातानं थांबवलं. बाबा पाण्याकडे बघत होते. दोन मिनिटं गेली, पाच गेली. त्यांची मान हळूहळू डावीकडे वळत गेली, आत खाली काहीतरी चाललंय आणि ते त्याच्या सोबत चाललेत, तशी. एका जागी ती थांबली. तिथं काहीही नव्हतं.

त्यांनी टोपी काढली.

मॅडम फिरल्या, कॅमेरा डोळ्याला लागला आणि बरोबर त्याच जागी पाणी फुगलं. आधी श्वासाचा आवाज आला. एवढा मोठा श्वास मी कधी ऐकला नव्हता. मग फवारा, मग काळपट पाठ. पाठ येतच राहिली, येतच राहिली, आमच्या होडीपेक्षा लांब, आणि सगळ्यात शेवटी पाठीवरचा लहानसा पर. कॅमेरा खटाखट वाजत होता. थोरला खाली गेला, परत वर आला, परत श्वास घेतला. तीन वेळा. तिसऱ्या वेळी इतका जवळ की तोंडावर खारट तुषार उडाले आणि माशाचा वास आला. मॅडम रडत होत्या, “मिळाला, मिळाला!” म्हणत मला हलवत होत्या. मी तर नाचायचाच बाकी होतो.

“बाबा, बघलास काय? बाबा!”

मी मागं वळलो. बाबा उघड्या डोक्यानं, खाली मान घालून होडीच्या तळात साचलेल्या पाण्याकडे बघत होते. त्यांनी तो बघितलाच नव्हता. हातही जोडले नव्हते.

किनारा जवळ आला, फोनला रेंज मिळाली तशी मॅडमनी उभ्या-उभ्याच पुण्याला फोन लावला. पाहणी आमच्याकडेच होणार हे त्याच संध्याकाळी ठरलं. मी हॉटेलात फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. दर्शना ऐकून आत गेली आणि माझी अर्धी भरलेली बॅग रिकामी करायला लागली. कपडे भराभर काढत होती. तीन वर्षांचं ते काम पुढं नऊ वर्षं चाललं. मुलगी झाली ती माझ्या डोळ्यांदेखत झाली, माझ्या डोळ्यांदेखत शाळेत गेली. माझं सगळं चांगलं झालं, ते त्या एका दिवसामुळं झालं. हे मी कोणालाही सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळचं मात्र सांगत नाही.

शनिवारी मॅडमना आणखी एक फेरी मारायची होती. मी किनाऱ्यावर होडी तयार करून वाट बघत उभा. सात वाजले तरी बाबांचा पत्ता नाही. चडफडत घरी आलो. बाबा परसात फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसले होते.

“बाबा, चला. मॅडम खोळंबल्यात.”

“तू जा.”

“हँडल कोण धरतलो?”

“कुबलांच्या बाब्याक घे. बरो चलयता.”

“आणि तुमी?”

“मी येवचंय नाय. आज नाय, उद्या नाय.” सुई जाळ्यातून वर आली, खाली गेली. “मी चुगली केलंय, उम्या. चाळीस वर्सां तेनी माका वाट दिल्यान, मी तेचो पत्तो दिलंय. आता कुठल्या तोंडान जावचा तेच्या समोरसून?”

मला अशी लाज वाटली की काय सांगू. आणि मला लाज वाटली की राग येतो, तसा तो आलाच. “बाबा, कायतरी बोलू नकास! मासो तो! तेका काय कळता?”

“तेका नाय कळणां,” बाबा म्हणाले. “माका कळता.”

“पण टोपीचा मीच मॅडमका सांगलंय. चुगली मी केलंय, तुमी नाय!”

“म्हायत आसा. काल सकाळीच कळला माका, होडीत.”

माझा आवाज चढला, आई स्वयंपाकघरातून बाहेर आली एवढा चढला. “कळला होता? मगे काढलास कित्याक? टोपी काढलास कित्याक?”

बाबांनी सुई थांबवली. हा काय वेड्यासारखं विचारतोय, अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं.

“तू सोमवारी जावचो होतंस मां,” ते म्हणाले, आणि परत जाळं विणायला लागले.

मी तसाच किनाऱ्यावर गेलो. मॅडमनी विचारलं, “काका कुठे आहेत?” त्यांना बरं नाही, असं मी सांगितलं आणि बाब्याला हाक मारली.